कराराबाहेर धावलेली गाडी

मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला जाणाऱ्या अरुंद रुळांच्या लाइनीबद्दल, म्हणजे लोकांच्या तोंडच्या 'शकुंतले'बद्दल, विदर्भात एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. स्वातंत्र्यानंतर देशातल्या सगळ्या रेल्वे सरकारजमा झाल्या, तेवढी ही एक लाइन यादीतून सुटली. सरकार तिला विसरलं, म्हणून ती 'इंग्रजांच्या कंपनीची'च राहिली. गोष्ट चटकदार आहे, पण इतिहास म्हणून टिकत नाही. 1951 मध्ये जे घडलं ती मुख्यतः पुनर्रचना होती. मोठ्या रेल्वे कंपन्या त्याआधीच एकेक करून सरकारच्या हाती आल्या होत्या: ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जुन्या लोकांची जीआयपी, 1 जुलै 1925 ला, बीबीसीआय 1942 मध्ये, बंगाल-नागपूर 1944 मध्ये. प्रत्येकीचा करार वेगळा, मुदत वेगळी, आणि त्या मुदतीप्रमाणे तिची पाळी आली. शकुंतलेची गाडी सुरुवातीपासून जीआयपी चालवत होती आणि 1951 नंतर तिची वारसदार मध्य रेल्वे चालवू लागली. जी गाडी आपलाच गार्ड रोज हिरवा झेंडा दाखवून सोडतो, ती कोणतंही खातं विसरत नसतं. तेव्हा कारंज्याच्या या लाइनीचं पुढे जे झालं त्याला विस्मरण हे कारण पुरत नाही. माझ्या मते खरं कारण अधिक साधं आणि अधिक बोधप्रद आहे. एका मंजूर प्रकल्पात शंभर वर्षं लहानलहान बदल होत गेले, प्रत्येक बदल त्या-त्या वेळी किरकोळच होता, आणि त्या सगळ्यांची बेरीज कुणी कधी मांडली नाही.

प्रकल्प मुळात समजण्यासारखा होता. वऱ्हाड 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात तिकडचा कापूस आटला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इथल्या काळ्या मातीकडे वळली. 1867 पर्यंत जीआयपीची मुख्य लाइन अकोला, बडनेरावरून नागपूरला पोचली. मग मुख्य लाइनीपासून दूर पडलेल्या कापूसपेठांची घाई सुरू झाली. खामगावला जलंबपासूनचा छोटा फाटा 1870 मध्येच मिळाला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. कारंज्याला मात्र थांबावं लागलं. दत्तभक्तांना हे गाव नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून आणि जैन अभ्यासकांना जुन्या पोथ्यांच्या भांडारांसाठी ठाऊक आहे, पण व्यापाऱ्यांच्या लेखी ते कापसाचं गाव होतं, आणि तो कापूस बैलगाड्यांनी मूर्तिजापूरच्या स्टेशनापर्यंत न्यावा लागे. ही उणीव भरून काढायला 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेज कंपनी उभी राहिली. तिचा कारभार किलिक, निक्सन आणि कंपनी या 1857 पासून मुंबईत बस्तान बसवलेल्या पेढीकडे होता. पहिल्या महायुद्धाच्या आसपास मूर्तिजापूरहून एक फाटा उत्तरेला अचलपूरकडे आणि दुसरा दक्षिणेला कारंजा, दारव्हा, यवतमाळकडे सुरू झाला. दोन्ही मिळून सुमारे 190 किलोमीटर, रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट.

असे फाटे काढण्याची एक ठरलेली रीत होती. बाहेरचं भांडवल ओढून घेण्यासाठी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शाखा-रेल्वेच्या अटी जाहीर केल्या होत्या. जमीन सरकारने फुकट द्यायची, पैसा खासगी कंपनीने घालायचा, गाडी मुख्य लाइनीने चालवायची आणि मिळकतीतला ठरावीक हिस्सा तिने आपल्या खर्चापोटी ठेवून उरलेला कंपनीला द्यायचा. भागधारकाला परतावा कमी पडू नये म्हणून सवलतींची तरतूद होती, आणि सरकारला ठरावीक मुदतींनी लाइन विकत घेण्याचा हक्क राखून ठेवलेला असे. शकुंतलेच्या बाबतीत तो दर दहा वर्षांनी येणारा निर्णय होता. या रचनेत एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. मालक एक, चालवणारा दुसरा आणि परवानगी देणारा तिसरा. सुधारणेचा खर्च एकाच्या माथी बसणार आणि फायदा दुसऱ्याच्या पदरात पडणार, अशी ही मांडणी होती. अशा मांडणीत रोजचा कारभार चालतो, कारण रोजच्या कारभाराची टक्केवारी ठरलेली असते. मोठा निर्णयही होऊ शकतो, कारण दर दहा वर्षांनी 'घ्यायची की राहू द्यायची' हा प्रश्न समोर येतो. या दोन टोकांच्या मधे जे काही घडतं, म्हणजे नवं इंजिन, कमी माणसं, घटलेला माल, बदललेला मालक, त्याची दखल घेऊन कराराची घडी पुन्हा बसवली गेल्याचं शकुंतलेच्या इतिहासात दिसत नाही.

बदल मात्र थांबले नाहीत, आणि ते करार करणाऱ्यांपासूनच सुरू झाले. करार झाला तेव्हा एका बाजूला लंडनमध्ये बसलेला भारतमंत्री होता. 1947 नंतर त्याच्या जागी भारत सरकार आलं. गाडी चालवणारी जीआयपी ही आधी खासगी कंपनी होती. 1925 मध्ये ती सरकारी झाली आणि 1951 मध्ये मध्य रेल्वे. म्हणजे ज्या तिघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं त्यांतले दोघे आता एकच झाले होते. तिसऱ्या बाजूची कथाही वेगळी नाही. लोक आजही 'इंग्रजांची कंपनी' म्हणतात, पण किलिक-निक्सन हे नाव तेवढं इंग्रजी उरलं. मालकी भारतीय हातांत येऊनही बराच काळ लोटला. लाइन ज्या मुलखातून जात होती त्याचा पत्ताही बदलत राहिला. वऱ्हाड 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. कंपनीच्या नावात 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' आलं ते त्यानंतरच्या कारभारातून. पुढे तो प्रांत 1950 मध्ये मध्य प्रदेश झाला, 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र आला. जुना वाशीम जिल्हा 1905 मध्ये मोडून त्याचे तालुके अकोला आणि यवतमाळमध्ये वाटले गेले होते. तो 1 जुलै 1998 ला पुन्हा उभा राहिला आणि अकोल्यातलं कारंजा त्यात आलं. इतक्या सगळ्या उलथापालथीत फाट्याचा करार तसाच पुढे सरकत राहिला. यातला एकही बदल कंपनीने किंवा रेल्वेने लपवून केला नव्हता. प्रत्येकाला कायद्याचा आधार होता. तरीही ज्या परिस्थितीकडे पाहून मूळ मंजुरी दिली गेली, तिच्यातलं जवळजवळ काहीच आता उरलं नव्हतं.

गाडीच्या रोजच्या चालण्यातले बदल तर अधिकच लहान होते. 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन 1923 पासून या लाइनीवर धावलं आणि 15 एप्रिल 1994 ला निवृत्त झालं. त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. मुख्य लाइनीवर वाफेकडून डिझेलकडे जाताना रूळ, पूल, सिग्नल, वेग या सगळ्यांचा विचार एकत्र होतो. इथे इंजिन बदललं, बाकीचं होतं तसंच राहिलं. माणसं कमी होत गेली तसा गार्डच तिकीटबाबू झाला. स्टेशन आलं की तो उतरायचा, तिकिटं फाडायचा आणि पुन्हा डब्यात चढून झेंडा दाखवायचा. रस्ता ओलांडायची जागा आली की गाडी अलीकडेच थांबे. एक जण खाली उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा उभी राही, तो फाटक उघडी आणि धावत येऊन गाडी पकडी. प्रवाशांना हा सोहळा गमतीचा वाटे. पण फाटकावरचा माणूस काढून घेण्याचा निर्णय कागदावर फार तर पगाराच्या एका ओळीचा असतो, आणि रुळावर मात्र दर फाटकाला काही मिनिटं जातात. अशी फाटकं जितकी, तितक्या पटीने एसटी पुढे जाते. वेळ वाढला म्हणून प्रवासी घटले, प्रवासी घटले म्हणून फेऱ्या घटल्या, फेऱ्या घटल्या म्हणून माणसं आणखी कमी करणं रास्त ठरलं. कापूस ट्रकने जाऊ लागला आणि ज्या मालासाठी लाइन घातली तो मालच लाइनीवरून उतरला. वास्तविक हा मूळ हेतूच बदलला होता, पण तो एका दिवसात बदलला नाही, त्यामुळे त्याची नोंद घ्यावी असा दिवसच कधी उगवला नाही.

बारीक गोष्टींची बेरीज मोठी होते, हे कळायला कारंज्याला परक्या शहाणपणाची गरज नव्हती. हे ज्ञान याच गावच्या बाजारात रेल्वेच्या आधीच कायद्यात उतरलं होतं. भारतातला पहिला नियमित बाजार म्हणून शेतमाल-विपणनाच्या पुस्तकांत ज्याचं नाव येतं तो कारंज्याचा कापूसबाजार 1886 मध्ये हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने सुरू झाला. वऱ्हाड तेव्हा निजामाचा, पण कारभार रेसिडेंटचा, म्हणून हुकूमही त्याचा. त्याच अनुभवावर पुढे 1897 चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. या कायद्याची गरज कशातून आली हे पाहिलं की त्याचं मर्म कळतं. शेतकऱ्याची गाडी बाजारात आली की तिला एकदम कुणी लुटत नसे. अडत, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय अशी एकेक वजावट होई, आणि प्रत्येक वजावट इतकी लहान असे की तिच्यावरून भांडणारा माणूसच हलका दिसावा. भाव कधी रुमालाखाली बोटं दाबून ठरे, म्हणजे ज्याचा माल त्यालाच तो शेवटी कळे. वजन, माप आणि वजावटी हा प्रत्येक सौद्याचा खासगी मामला न ठेवता त्यांना उघड नियमाखाली आणणं हे नियमित बाजाराचं काम. ही व्यवस्था निर्दोष होती असं मुळीच नाही. वऱ्हाडी बाजारसमित्यांवर शेतकऱ्यांपेक्षा व्यापाऱ्यांचंच वजन राहिलं ही टीका पुढे झाली आणि ती रास्त होती. पण किरकोळ गोष्टीलाही जाहीर मोजमाप हवं, हे तत्त्व तिथे मान्य झालं होतं. त्याच गावच्या स्टेशनावर तेच तत्त्व कुणी लावलं नाही. बाजारात रत्ती-मासा तोलून मापणारं सरकार रुळांवर मात्र दहा वर्षांतून एकदाच तराजू हातात घेत होतं.

हा प्रश्न जुनाट रेल्वेपुरता असता तर त्यावर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. परक्या देशात पैसा गुंतवून हक्क मिळवणं, आणि तो हक्क एका मंजूर योजनेवर टांगलेला असणं, ही परिस्थिती आज उलट दिशेने मराठी घरांपर्यंत आली आहे. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने गुंतवणूकदारांसाठी ईबी-5 नावाचा व्हिसा सुरू झाला. 2022 च्या सुधारणेनंतर त्यासाठी किमान 8 लाख डॉलर, आणि ठरवून दिलेल्या भागांबाहेर साडेदहा लाख डॉलर गुंतवावे लागतात, आणि एका गुंतवणुकीमागे दहा पूर्णवेळ नोकऱ्या तयार व्हाव्या लागतात. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेली भारतीय कुटुंबं या वाटेचा विचार करतात. पैसा बहुधा एखाद्या हॉटेलात किंवा इमारतीत जातो, आणि इमारत आराखड्याबरहुकूम क्वचितच उभी राहते. मजले कमी होतात, कंत्राटदार बदलतो, कर्जाचा वाटा वाढतो, मुदत लांबते. तिथल्या कायद्याने यासाठी एक कसोटी घडवली: हा बदल आधीच माहीत असता तर मंजुरीचा निर्णय वेगळा झाला असता का? 1998 च्या एका निवाड्याने अर्ज दाखल केल्यानंतर त्यात महत्त्वाचे फेरफार करून त्याची कमतरता झाकता येणार नाही असं ठरवलं. 2013 च्या धोरणाने सशर्त रहिवास मिळाल्यानंतर धंद्याच्या योजनेत बदल करायला बरीच मोकळीक दिली. 2022 च्या कायद्याने आधी प्रकल्पाला मंजुरी, मग त्या मंजुरीचा गुंतवणूकदारांना आधार, असे प्रकल्प चालवणाऱ्या प्रादेशिक केंद्रांचं दरवर्षीचं निवेदन आणि केंद्राची मालकी बदलण्याआधी 120 दिवसांची सूचना, अशी बांधणी केली. ही पद्धत कटकटीची आहे, खर्चीक आहे, वकिलांचं पोट भरणारी आहे. पण तिच्यात किरकोळ बदलालाही एक जागा आहे, आणि तो किरकोळ आहे हे ठरवणारा कुणीतरी आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. शकुंतलेला करारातल्या उणिवेने नव्हे, रस्त्यांनी मारलं. ट्रक आणि एसटी आल्यावर अडीच फुटी रुळांवरची रेंगाळणारी गाडी कुणाच्याही मालकीची असती तरी संपलीच असती, असं म्हणता येईल. जगभर अशा छोट्या लाइनी बंद पडल्या हे खरं आहे. पण महाराष्ट्रातलाच दाखला याला छेद देतो. बार्शी लाइट रेल्वे हीसुद्धा अडीच फुटी, तीही परक्या भांडवलाची. कंपनी 1895 मध्ये लंडनला नोंदलेली, पहिली गाडी 1897 मध्ये सुटलेली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढली. सरकारने ती 1954 मध्ये विकत घेतली. तिलाही ट्रकची आणि एसटीची स्पर्धा होतीच, आणि नंतरची कित्येक दशकं ती अरुंदच राहिली. पण जेव्हा रुंदीकरणाचे पैसे निघाले तेव्हा मालकीचा प्रश्न आडवा नव्हता, आणि टप्प्याटप्प्याने ती लाइन रुंद झाली. दुसरा दाखला खुद्द वाशीम जिल्ह्यातला आहे. वाशीम शहरावरून जाणारी पूर्णा–अकोला लाइन मीटरगेज होती. सरकारचीच असल्याने 2008 मध्ये ती रुंद झाली. एकाच जिल्ह्यातली दोन स्टेशनं, एक देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं आणि दुसरं गवतात बुडालं. पूर्णा–अकोला उत्तर-दक्षिण जोडणारा मार्ग आहे, शकुंतला फाटा आहे, वाहतुकीत फरक पडणारच, हे मला मान्य आहे. रस्त्यांनी लाइन दुबळी केली हेही मान्य. प्रश्न एवढाच की दुबळी झालेली लाइन सुधारावी की बंद करावी, याचा निर्णय घेण्याची ताकद कुणाच्या हातात होती. मालक आणि चालक वेगळे, आणि दोघांनाही पैसा घालण्याचं कारण नाही, अशा स्थितीत लाइन आपोआप झिजते. रस्ते सगळीकडेच आले. त्यांना उत्तर देता येईल असा धनी मात्र इतरत्र होता, इथे नव्हता.

दुसरा आक्षेप गुंतवणूकदाराच्या बाजूचा आहे आणि तो अधिक वजनाचा आहे. करार म्हणजे शब्द. उठसूट तो उघडायचा, प्रत्येक लहान बदलाच्या निमित्ताने अटी पुन्हा ठरवायच्या, तर बाहेरचा पैसा येईलच कशाला? 1910 मध्ये ज्यांनी वऱ्हाडात पैसा घातला त्यांनी ठरलेल्या हिश्शाच्या भरवशावर घातला, सरकारच्या मर्जीवर नाही. ही बाजू हलक्याने घेण्यासारखी नाही. पण तिच्यातून निघतं ते इतकंच, की अटी एकतर्फी बदलू नयेत. बदलांची नोंदच ठेवू नये, असं तिच्यातून निघत नाही. उलट नोंद नसण्याचा फटका गुंतवणूकदारालाही बसतो. ज्या लाइनीवर इंजिन, डबे आणि माणसं दुसऱ्याची, तिच्या घसरणीला त्याला एकट्याला कसं जबाबदार धरायचं? शंभर वर्षांनी कुणी म्हणतं कंपनीने लक्ष दिलं नाही, कुणी म्हणतं रेल्वेने दिलं नाही, आणि कोणत्या वर्षी कोणता बदल कोणाच्या संमतीने झाला याचा एकत्रित हिशेब नसल्याने दोन्ही आरोप हवेत राहतात. किलिक-निक्सनच्याच कारभाराखालच्या सुरत–अमळनेर या तापी व्हॅली रेल्वेचा दाखला इथे उपयोगी पडतो. सरकारने ती 1942 मध्ये खरेदी केली, कंपनीला मोबदला मिळाला, लाइन मुख्य जाळ्यात गेली आणि दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या. विकत घेणं म्हणजे शब्द मोडणं नव्हे. तो करारातलाच हक्क आहे. तो कधी वापरावा हे कळायला मात्र मधल्या वर्षांचा हिशेब हाताशी असावा लागतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आपुलकीचा वाटतो. तो म्हणतो, याच कागदाबाहेरच्या सवलतींनी गाडी इतकी वर्षं जगवली. नियमावर बोट ठेवलं असतं तर गार्डला तिकिटं विकता आली नसती, फाटकाशिवाय गाडी पुढे सरकली नसती, आणि शकुंतला पन्नास वर्षं आधीच बंद झाली असती. हातात आहे त्यात निभावून नेणं हा आपल्याकडच्या सरकारी नोकरांचा मोठा गुण आहे आणि या लाइनीवरच्या माणसांनी तो पणाला लावला. आजूबाजूच्या खेड्यांतल्या गरीब प्रवाशाला स्वस्तात यवतमाळ किंवा मूर्तिजापूर गाठून दिलं ते त्यांनीच. त्यांचं श्रेय कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण निभावून नेण्यात एक धोका असतो: ज्याने दुरुस्ती करायची त्याच्यापर्यंत बिघाडाची बातमीच पोचत नाही. खालच्या माणसाने प्रत्येक उणीव अंगावर घेतली की वरच्या कागदावर सगळं ठीक दिसतं. आणि हे सगळं मागाहून सुचलेलं शहाणपण आहे असंही म्हणता येणार नाही. 1920-21 मध्ये भारतीय रेल्वेची पाहणी करणाऱ्या अ‍ॅक्वर्थ समितीने शाखा-कंपन्यांच्या या गर्दीवर तेव्हाच टीका केली होती. शकुंतला तेव्हा नुकती सुरू झालेली होती, वाफेचं ते इंजिन मँचेस्टरच्या कारखान्यात बनत होतं. रचना सदोष आहे हे सांगणारे होते. त्या रचनेत रोज पडणारी भर मोजणारं कुणी नेमलं गेलं नाही.

मग किरकोळ बदल ओळखायचा कसा? कारंज्याच्या अनुभवातून तीन प्रश्न काढता येतात. पहिला, हा बदल मूळ मंजुरीच्या हेतूला हात लावतो का. वाफेऐवजी डिझेल आलं तर हेतूला धक्का बसत नाही; कापूस रेल्वेवरून उतरला तर बसतो, जरी त्या दिवशी एकही नियम मोडलेला नसला तरी. दुसरा, या बदलाचा खर्च आणि फायदा एकाच्याच वाट्याला येतो की दोघांत वाटला जातो. फाटकावरचा माणूस काढला तर पगार वाचतो तो एकाचा आणि प्रवासी तुटतो त्याचा तोटा दोघांचा. असा बदल आकाराने लहान असला तरी त्यावर दोघांची सही हवी. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, आधीच्या बदलांत हा मिळवला तर एकूण किती होतं. ईबी-5 च्या वकिलांना हा प्रश्न रोज पडतो, कारण तिथे दहा नोकऱ्यांचा आकडा शेवटी जुळवून दाखवावा लागतो. शकुंतलेला असा जुळवायचा आकडाच नव्हता. किती माल, किती प्रवासी, किती वेग यांच्या खाली गेल्यास करार आपोआप पुनर्विचाराला येईल, अशी रेघ मूळ मंजुरीत आखलेली असती तर साठच्या किंवा सत्तरच्या दशकातच प्रश्न ऐरणीवर आला असता. तेव्हा लाइन बंद करण्याचा निर्णयही झाला असता कदाचित. पण तो निर्णय असता. पुढे झालं ते नुसतं थांबत जाणं.

2010 नंतरच्या दशकात गाडी बंद पडली. 2016 मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात लाइन रुंद करण्याची घोषणा झाली आणि तेव्हापासून यवतमाळ, वाशीम, अकोला, अमरावती या चारही जिल्ह्यांत तिच्यासाठी मागण्या चालू आहेत. मधल्या काळात परिस्थिती आणखी सरकली. वर्धा–यवतमाळ–नांदेड ही नवी रुंद लाइन टप्प्याटप्प्याने पुढे येते आहे. ती यवतमाळ, दारव्हा, पुसदला देशाच्या जाळ्याशी जोडेल, पण कारंजा तिच्या वाटेवर नाही. कारंज्याजवळून आता समृद्धी महामार्ग जातो. म्हणजे 1910 चा प्रकल्प जसाच्या तसा रुंद करणं हे आता पुरेसं उत्तर असेलच असं नाही. मूर्तिजापूर ते कारंजा हा टप्पा एकटा पुरेल का, दारव्ह्याला नव्या लाइनीशी गाठ घालावी का, मालवाहतूक डोळ्यांपुढे ठेवावी की प्रवासी, हे नव्याने ठरवायचे प्रश्न आहेत आणि त्यांचं उत्तर जुन्या आठवणींच्या ओढीवर सोडता येणार नाही. उत्तर कोणतंही निघो, त्या नव्या मंजुरीत एक कलम हवंच: दरवर्षी बदलांची जाहीर यादी, तिची आधीच्या यादीत बेरीज, आणि बेरीज एका मर्यादेपलीकडे गेली की दोन्ही बाजूंना टेबलावर बसण्याची सक्ती. कारंज्याच्या कापूसबाजाराला 1886 मध्ये वजन-मापाचा जो न्याय मिळाला, तो रुळांना मिळायला निदान यापुढे उशीर होऊ नये.